जनता, लोक, नागरिक : निवेदनावर नेमकं काय लिहायचं?

या महिन्यात ठाणे-नवी मुंबईकडून आलेली बहुतेक पत्रं एकाच शब्दाभोवती फिरत होती : नागरिक. म्हणून तेवढीच घेतली आहेत. 'चहा प्याला की प्यायला' हा दरवर्षीचा वाद आणि बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : आमच्या सेक्टरमध्ये पावसाळी गटाराची झाकणं गायब आहेत. विभाग कार्यालयाला निवेदन द्यायचं ठरलं आणि मसुद्यावरच भांडण झालं. एका काकांना 'समस्त जनता' हवं, दुसऱ्यांना 'करदाते नागरिक', एक बाई म्हणाल्या साधं 'रहिवासी' लिहा. सगळ्या नागरिकांना मिळून असा एकच चपखल शब्द मराठीत आहे का? निवेदन अजून गेलेलं नाही. (एक वाचक, वाशी)

उत्तर : निवेदन आधी पाठवा. उघड्या गटारात पाय गेलेला माणूस आपण 'जनता' होतो की 'रहिवासी' याचा विचार करत बसत नाही.

आता शब्दाचं. एक नागरिक आला, दहा नागरिक आले. अनेकवचनातही शब्द तोच राहतो. पण त्या दहांचा मिळून एक घोळका दाखवेल असा रोजच्या वापरातला शब्द आपल्याकडे नाही. 'नागरिकवर्ग', 'नागरिकगण' असे जोडशब्द करता येतात, व्याकरण आड येत नाही. 'नागरिकवृंद' तर मला एका निमंत्रणपत्रिकेत भेटला होता. वाचून वाटलं, आता सगळे पेटी-तबला घेऊन बसणार.

मग हात आपोआप 'जनता'कडे जातो. तुमच्या काकांचा तिथेच गेला. पण जनता हा व्यासपीठावरून खाली बघणाऱ्याचा शब्द आहे. मंत्री जनतेला आवाहन करतात, जनतेच्या सेवेत असतात, जनता दरबार भरवतात. (दरबार म्हटलं की कोण बसलेलं आणि कोण अर्ज घेऊन उभं, ते वेगळं सांगायला नको.) स्वतःबद्दल बोलताना आपण 'आम्ही जनता' असं कधी म्हणतो का? आपण म्हणतो 'आम्ही लोक'. संविधानाच्या मराठी उद्देशिकेची सुरुवातही 'आम्ही, भारताचे लोक' अशीच आहे. पुढे न्याय, स्वातंत्र्य, समानता कोणाला मिळवून द्यायची हे सांगायची वेळ आली की शब्द बदलतो : 'त्याच्या सर्व नागरिकांस'. ठरवतात ते लोक, मिळायचं ते नागरिकांना. जनता त्या वाक्यात कुठेही नाही.

नोकरीची बरीचशी वर्षं मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. वकिलांच्या जाहीर नोटिसा रोज हाताखालून जायच्या. 'या जाहीर नोटिशीद्वारे तमाम लोकांस कळविण्यात येते की', पुढे सर्व्हे नंबर, चतुःसीमा, आणि शेवटी 'कोणाचाही हक्क, हितसंबंध, दावा, बोजा असल्यास १४ दिवसांच्या आत लेखी कळवावे'. नवशिके वकील कधी कधी तिथे 'तमाम नागरिकांस' लिहून आणायचे. मी पेन्सिलीने गोल करून परत पाठवायची. कारण जमिनीवर दावा सांगणारा नागरिकच असेल असं नाही. ती एखादी बँक असेल, कंपनी असेल, देवस्थान असेल, परदेशचं नागरिकत्व घेतलेला चुलत भाऊ असेल. नोटीस साऱ्या जगाला असते, म्हणून 'तमाम लोक' हेच बरोबर. जुन्या कारकुनी मराठीला आपण हसतो, पण ती मंडळी शब्द मोजून वापरायची.

वर्तमानपत्रांनी मात्र 'नागरिक' या शब्दाला एकाच साच्यात घातलं आहे. बातमीतला नागरिक त्रस्त असतो, हैराण असतो, फार तर संतप्त. पाणी आलं म्हणून खूश झालेला नागरिक मथळ्यात मी अजून पाहिलेला नाही. जनतेचा थाट निराळा : ती 'मायबाप' असते, 'सुज्ञ' असते, 'जनता जनार्दन' असते. एरवी सरकार मायबाप. प्रचाराचे भोंगे फिरू लागले की नातं उलटं होतं.

'करदाते नागरिक' हा शब्द मला स्वतःला आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेसाठी मत देण्याचा हक्क कर आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला होता. घरपट्टी भरणारा तेवढा शहराचा, बाकीचे नुसते शहरात राहणारे. तो हिशेब स्वातंत्र्यानंतर सज्ञान मताधिकार आला तेव्हा मिटला. आज तुमच्या निवेदनात 'आम्ही करदाते' लिहिलं, की भाड्याने राहणारी नर्स, तिसऱ्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या ताई, नाक्यावरचा चावीवाला हे सगळे हळूच बाहेर काढले जातात. गटारात पडायला मात्र त्यांना मोकळीक.

राहता राहिला 'रहिवासी'. तुमच्या सोसायटीत नेपाळहून आलेला वॉचमन असेल. तो भारताचा नागरिक नाही, पण रहिवासी आहे. उलट पुण्याला राहणारे तुमचे फ्लॅटमालक नागरिक आहेत, करदातेही आहेत, पण इथले रहिवासी नाहीत, आणि गटाराशी त्यांचा संबंध नवीन भाडेकरूची मुलाखत घ्यायला येतील तेवढाच. पाणी, कचरा, दिवे, गटार या गोष्टी राहण्याशी जोडलेल्या आहेत. म्हणून तुमच्या मसुद्यातल्या बाईंचा शब्द मला पटतो. वाक्य असं करा : 'आम्ही, खाली सह्या करणारे, सेक्टर अमुकचे रहिवासी.' खाली प्रत्येकाचं नाव, इमारत, खोली क्रमांक. निवेदनाला वजन येतं ते या यादीने. 'समस्त' हा शब्द तर काढूनच टाका. समस्तांना तुम्ही कधी विचारलंत?

या बाबतीत पुण्याच्या सार्वजनिक सभेची रीत बघण्यासारखी आहे. सभा २ एप्रिल १८७० ला स्थापन झाली तेव्हा तिचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने निवडलेले होते, आणि सभासद व्हायला किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र लागायचं. आम्ही लोकांच्या वतीने बोलतो असं म्हणायचं, तर कोणत्या लोकांच्या, ते कागदावर दाखवायचं. गणेश वासुदेव जोशी यांना 'सार्वजनिक काका' हे नाव पडलं ते या सभेच्या कामातून. तुमच्या सेक्टरमधल्या काकांनी मुखत्यारपत्रं गोळा केली तर 'समस्त' लिहायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मावशी, मी घणसोलीगावातला. आमच्याकडे बॅनरवर, जत्रेच्या पावतीवर, मंडळाच्या बोर्डावर 'समस्त ग्रामस्थ' असतं. सेक्टरमधले मित्र चिडवतात, 'अरे महानगरपालिकेत राहतोस, ग्रामस्थ कसला? नागरिक म्हण.' आजोबा म्हणतात, आपण ग्रामस्थ आणि प्रकल्पग्रस्त, नागरिक ते. बरोबर कोण? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : आजोबा आणि मित्र दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, पण तुझ्या प्रश्नात जेवढं दिसतं त्याहून जास्त आहे. जरा सविस्तर लिहिते.

'स्थ' म्हणजे राहणारा, असणारा. ग्रामस्थ म्हणजे गावात राहणारा, एवढंच. महापालिका आली म्हणून गाव कुठे गेलं नाही. गावठाण आहे, देऊळ आहे, तळं आहे, तू आहेस. तेव्हा शब्द चुकीचा नाही. मात्र १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली आणि या पट्ट्यातल्या ग्रामपंचायती गेल्या. त्यांच्याबरोबर एक गोष्ट गेली ज्याची आठवण कोणी काढत नाही : ग्रामसभा.

ग्रामसभा म्हणजे गावातल्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांची मिळून सभा. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यात ती होतीच. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून तिला संविधानात जागा मिळाली. म्हणजे देशातल्या गावांच्या ग्रामसभेवर संविधानाची मोहोर उठली, तेव्हा तुमचं गाव वर्षभर आधीच शहर होऊन बसलं होतं. सरपंचाला समोर बसवून हिशेब विचारायची ती जागा. सगळे गावकरी मिळून कायद्याने मान्य केलेली एक वस्तू होते, तिला नाव होतं, तिची इतिवृत्ताची वही होती.

शहराला तसं काय मिळालं? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने ३ लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. ठाण्यात या नावाची कार्यालयंच आहेत, नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर वगैरे. तुमच्याकडे त्याला विभाग कार्यालय म्हणतात. पण समितीत बसतात ते नगरसेवक आणि नेमलेले काही प्रतिनिधी. तुझे आजोबा उठून बोलतील अशी ती जागा नाही. २००९ मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात 'क्षेत्र सभा' आली. मतदान केंद्रांच्या हद्दीतले मतदार एकत्र बसतील आणि नगरसेवक त्यांच्यापुढे येईल, अशी ती कल्पना, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. तुमच्या भागात अशी सभा भरल्याची नोटीस कोणी पाहिली असेल तर मला जरूर पाठवा. मी ती या सदरात छापीन.

मग शहरातल्या माणसांनी एकत्र यायचं कोणत्या नावाने? तुझ्या गावात त्याला फार जुना शब्द आहे, आणि तू पत्रात तो लिहिला नाहीस म्हणून आश्चर्य वाटलं : गावकी. गावकी बसली, गावकीने ठरवलं, गावकीचे पैसे, गावकीची भांडी. आगरी-कोळी गावांत, सगळ्या कोकणात, 'लोक एकत्र बसून ठरवतात' ही अख्खी गोष्ट या एका शब्दात मावते. भावकी तिचीच बहीण. शहरकी नाही, नगरकी नाही. वाशीच्या वाचकांनी वर जो शब्द मागितला तो मराठीत आहे, पण तो वाशीगावात आहे, वाशीच्या सेक्टरात नाही.

तू सेक्टरमधल्या मित्रांना हे सांगून मिशीला पीळ देण्याआधी पुढचंही वाच. गावकीत बायका किती बसायच्या? गावाबाहेरच्या वाडीवरचे किती बसायचे? आणि गावकीचं न ऐकणाऱ्याचं काय व्हायचं? त्याला वाळीत टाकायचे. पाणी बंद, बोलणं बंद, मयताला खांदा नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी येतच राहिल्या, आणि अखेर राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ चा कायदा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीतला माणूस वाळीत पडला की त्याच्या मदतीला धावतो तो नेमका हा 'नागरिक' शब्द. ग्रामस्थ म्हणून त्याला गावाने काढलं तरी नागरिक म्हणून त्याला कोणी काढू शकत नाही. नागरिक या शब्दाला घोळका नाही ही मी आधी उणीव म्हणून सांगितली. तुझ्या प्रश्नापाशी आल्यावर तीच मला त्याची ताकद वाटते. तो एकट्याने उभा राहतो.

'प्रकल्पग्रस्त' हा तिसरा शब्द आणि तो वेगळ्याच जातीचा. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको मार्च १९७० मध्ये झाली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पूरग्रस्त माणूस पूर ओसरला की पूरग्रस्त राहत नाही. प्रकल्पग्रस्ताचं तसं नाही. त्याचा दाखला निघतो आणि तो पुढच्या पिढीला लागू होतो. तू जन्मलास तेव्हा प्रकल्प पुरा होऊन लोकल धावत होती, तरी तू प्रकल्पग्रस्त. आजोबा तो शब्द सोडत नाहीत कारण त्यात त्यांचं शेत आहे. त्यांना 'आता नागरिक म्हणा' असं सांगायला जाऊ नकोस.

जत्रेच्या पावतीवर 'समस्त ग्रामस्थ' राहू दे. मैदानासाठी, शाळेसाठी, बससाठी अर्ज करशील तेव्हा सेक्टरमधल्या त्याच मित्रांच्या सह्या घे आणि 'ग्रामस्थ व रहिवासी' असं दोन्ही लिही. बस दोघांनाही पकडायची आहे.

प्रश्न : मॅडम, 'जनता' एकवचनी की अनेकवचनी? आमच्या कॉलेजच्या नियतकालिकात 'जनता रस्त्यावर उतरले' छापून आलं आणि संपादक म्हणतो अर्थ अनेकवचनी आहे म्हणून चालतं. आणि 'लोकं' लिहायचं का? (विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : चालत नाही. जनता स्त्रीलिंगी, एकवचनी : जनता उतरली, जनतेने विचारलं. कितीही माणसं असोत, क्रियापद एकीचंच. सैन्य, जमाव, टोळी यांचं जसं.

तुला आवडेल अशी एक गंमत सांगते. 'ता' हा प्रत्यय आपण भाव दाखवायला वापरतो : सुंदर, सुंदरता. पण संस्कृतात त्याचं दुसरंही काम होतं, समूह दाखवण्याचं. पाणिनीने ग्राम, जन, बंधु या शब्दांना हा 'ता' समूहाच्या अर्थाने सांगितला आहे. जनता म्हणजे जनांचा समूह, ग्रामता म्हणजे गावांचा, आणि बंधुता म्हणजे बंधूंचा. ग्रामता गेली, जनता टिकली. बंधुता टिकली पण अर्थ पालटून. आज उद्देशिकेत आपण ती वाचतो तेव्हा ती भावना असते, जुन्या संस्कृतात ती भाऊबंदांची जमलेली बैठक होती. (भाऊबंदकीशी गल्लत नको.) 'नागरिकता' मात्र समूहाकडे कधी गेलीच नाही, तिथे 'ता'ने भावच दाखवला, आणि मराठीत तर आपण 'नागरिकत्व' जवळ केलं.

छापखान्यात 'लोक', गप्पांत 'लोकं'. 'लोक' पुल्लिंगी अनेकवचनी : ते लोक आले. बोलताना 'ती लोकं आली' म्हणणाऱ्याला मी टोकत नाही, माझ्या घरातही म्हणतात. लोकशाही, लोकसभा, लोकसंख्या हे सगळे शब्द 'लोक'ने आपल्याकडे ओढले. मोजणीत मात्र 'जन' घुसला : जनगणना. तिथे तो योग्यच आहे, कारण जनगणनेत घरात राहणारी सगळी माणसं मोजतात, नागरिक असोत नसोत.

लोकलमध्ये तू ऐकतेस तो शब्द, 'पब्लिक', त्यानेही जनतेचंच लिंग घेतलं : पब्लिक भडकली, आज पब्लिक कमी आहे. तो कोणाच्या हक्कांशी संबंधित नाही, फक्त गर्दीशी. आणि 'जनता' विशेषण झाली की तिचा अर्थ 'स्वस्त' होतो. रेल्वेचा 'जनता खाना' म्हणजे पुरी, बटाट्याची भाजी आणि लोणचं. 'नागरिक खाना' निघाला असता तर त्यात निदान शिरा असता, असा माझा संशय आहे.

प्रश्न : फ्लेक्सवर 'नागरीक' की 'नागरिक'? गिऱ्हाईक म्हणतं नागरीक. (फ्लेक्स छपाईवाले, कळवा)

उत्तर : नागरिक. 'इक' प्रत्यय ऱ्हस्वच : समाज–सामाजिक, धर्म–धार्मिक, नगर–नागरिक. पहिलं अक्षर लांबतं, 'रि' लांबत नाही. घोटाळा 'नागरी'मुळे होतो, ती दीर्घच आहे : नागरी सुविधा केंद्र, नागरी सहकारी बँक. तेव्हा 'जेष्ठ नागरीक संघ' या चार... माफ करा, तीन शब्दांत दोन चुका आहेत. 'ज्येष्ठ नागरिक संघ' करा. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर हा अंक दाखवा. तरी ऐकलं नाही तर छापून द्या, पैसे त्याचे आहेत.

जागा उरली आहे म्हणून सांगते : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा नगरात राहणारा सामान्य माणूस नाहीच. तो नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे, आजच्या भाषेत आयुक्तच म्हणा. आग, रात्रीची गस्त, घराबाहेर टाकलेला कचरा, शहरात उतरलेले परके, सगळं त्याच्या अखत्यारीत. नगरात राहणाऱ्या माणसाला तेव्हा 'पौर' म्हणत, पुरात राहणारा तो पौर. शहर आणि आसपासचा मुलूख मिळून सगळी माणसं म्हणजे 'पौरजानपद'. वाशीच्या वाचकांनी हा शब्द निवेदनात घालायला हरकत नाही, फक्त विभाग कार्यालयात तो कोणाला समजावून सांगायचा त्याची तयारी ठेवावी. 'पौर' आज 'महापौर' या एकाच शब्दात शिल्लक आहे, आणि महापौरांना 'शहराचे प्रथम नागरिक' म्हणतात ते त्याचं नकळत केलेलं भाषांतर.

प्रश्न : माझा मुलगा वाशीला 'रयत'च्या कॉलेजात जातो. रयत म्हणजे प्रजा ना? मग लोकशाहीत हे नाव कशाला? (एक पालक, तुर्भे)

उत्तर : मूळ शब्द अरबी, चारणे-राखणे या धातूवरून आलेला. राखणदाराच्या हाती सोपवलेला कळप, तो रयत. 'प्रजा' म्हणजे मुळात लेकरं. दोन्ही शब्दांत वर कोणीतरी आहे, राखणदार किंवा बाप, हे तुमचं म्हणणं खरं. पण मराठीत रयतेचा अर्थ जमीन कसणारा कुणबी, सारा भरणारा माणूस असा पक्का झाला. रयतवारी म्हणजे जमीनदार मध्ये न घेता थेट त्याच्याकडून सारा घेण्याची पद्धत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा 'रयत' म्हणजे ज्यांच्या घरात तोवर पाटी-पेन्सिल गेली नव्हती ते लोक. नाव त्यांचं ठेवलं. आजच्या कायद्यात किंवा अर्जात 'रयत' लिहू नका, पण संस्थेच्या नावातून तो काढावा असं मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव. रस्त्याच्या कामाची माहिती मागायला संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला. तो 'अर्जदार नागरिक नाही' म्हणून परत आला. आमची संस्था शंभर टक्के भारतीय आहे! सगळे सभासद नागरिक, तर सगळे मिळून नागरिक का नाही? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : तुमचा राग समजतो, पण कायद्याची भाषा बघा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ३ : माहितीचा अधिकार 'सर्व नागरिकांना' आहे. नोंदणीकृत संस्था ही कायद्याच्या लेखी व्यक्ती आहे, तिच्या नावाने बँकखातं असतं, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. नागरिक मात्र ती होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच एका सरकारी महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं आहे की महामंडळ हे संविधानाच्या कलम १९ च्या अर्थाने नागरिक ठरत नाही. ते मूलभूत हक्क जितेजागते नागरिक वापरतात. संविधानात ही निवड जागोजाग आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण 'व्यक्ती'ला, म्हणजे परदेशी पाहुण्यालाही; बोलण्याचं, सभा भरवण्याचं, देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य 'नागरिका'ला. तुमच्या शंभर सभासदांना मिळून नागरिक म्हणता येत नाही, शंभर नागरिक म्हणता येतं.

मार्ग सोपा आहे. अर्ज तुमच्या स्वतःच्या नावाने करा. पदाचा उल्लेख करायला बंदी नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की संस्थेच्या पदाधिकाऱ्याने स्वतःचं नाव देऊन अर्ज केला आणि तो भारताचा नागरिक असेल तर माहिती देता येते. तेव्हा 'मी अमुक, भारताचा नागरिक, अमुक संस्थेचा सचिव' असं लिहा आणि लेटरहेड कपाटात ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. रस्ता, गटार आणि दिवे एकाच अर्जात कोंबू नका, तीन अर्ज करा. तीन वेगळ्या सभासदांनी केले तर उत्तम. 'हे काम निकृष्ट का झाले?' असं विचारू नका. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं, किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. आणि अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही आहेत का ते खिडकीवरून हलण्याआधी बघा.